84,000 रुपये आणि सव्वाचारची एसटी

हे प्रकरण सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयातलं, कोविडनंतरच्या दोन शैक्षणिक वर्षांतलं आहे. विद्यार्थी मंडळाचा समन्वयक तेव्हा मीच होतो, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे. कॉलेज आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. रकमा आणि संख्याही थोड्या बदलल्या आहेत, पण त्यांचं एकमेकींशी प्रमाण तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

कला, वाणिज्य आणि विज्ञान मिळून सुमारे 1,400 विद्यार्थी. त्यातले निम्म्याहून जास्त तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस बाजूच्या गावांतून रोज एसटीने येतात. सवलतीचा पास काढायचा, सकाळी साडेसातची गाडी धरायची आणि परतीला सव्वाचारची. ती चुकली की थेट सहाची, आणि सहाच्या गाडीला अशी गर्दी असते की मुली शक्यतो तिच्या वाटेला जात नाहीत. पुढे सगळं घडून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की आमच्या मंडळाच्या नियमावलीपेक्षा या गाडीच्या वेळापत्रकाची सत्ता मोठी होती.

मंडळ कसं बनायचं तेही सांगतो. महाराष्ट्रातल्या कॉलेज निवडणुका 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे बंद झाल्या. त्यानंतर 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेची पद्धत आणली. मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी सी.आर., म्हणजे वर्ग प्रतिनिधी, होई. एनसीसी, एनएसएस, खेळ आणि सांस्कृतिक विभागातून एकेकाची आणि शिवाय दोन मुलींची नेमणूक प्राचार्य करत, आणि हे सगळे मिळून आपल्यातून सचिव निवडत. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम 99 आलं आणि थेट निवडणुकीची वाट मोकळी झाली. 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं होतं, पण विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन ते पुढे ढकललं गेलं. आमच्याकडे जुनी रीतच चालू राहिली. पहिल्या नंबरची मुलं बोलवायची, त्यांना बिल्ले द्यायचे, फोटो काढायचा.

या मुलांना मी कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. कुणी मत देऊन निवडलेलं नसतं, त्यामुळे त्यांना कुणी जाब विचारत नाही आणि तेही कुणाला विचारत नाहीत. पेपरात 88 टक्के मिळवले म्हणून एका दुपारी आपण वर्गाचे प्रतिनिधी झालो, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

आता पैशाचं. प्रवेश घेताना मिळणाऱ्या फीच्या पावतीवर बारीक अक्षरात अनेक शीर्षं असतात. ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, वार्षिकांक, विद्यार्थी सहाय्य निधी वगैरे. त्यातलंच एक स्नेहसंमेलन, माणशी 60 रुपये. 1,400 विद्यार्थ्यांचे 84,000 होतात. कार्यक्रमाआधी समितीतले प्राध्यापक ऑफिसातून उचल घेतात, खर्च करतात, बिलं आणि व्हाउचर लावून उचल मिटवतात आणि वर्षअखेरीस सनदी लेखापाल ऑडिट करतो. या सगळ्या साखळीत पैसे खाल्ल्याचा संशय मला तेव्हा आला नाही, आजही नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा चोर शोधत बसणार नाही.

प्रश्न कुठे उघडा पडला

पावसाळा सरता सरता विद्यापीठाचा जिल्हास्तरीय युवा महोत्सव येतो. त्या वर्षी लोकनृत्याच्या संघात बारा मुली होत्या. नऊवारी, दागिने, कंबरपट्टे असं सगळं भाड्याने आणायचं होतं. कॉलेजने प्रवासखर्च दिला आणि पोशाखासाठी तरतूद नाही असं सांगितलं. मुलींनी माणशी 350 रुपये वर्गणी काढली, 4,200 जमले, त्या नाचून आल्या. नंबर आला नाही. विषय तिथेच संपला असता.

जानेवारीत गॅदरिंग झालं. पूर्वी तीन दिवस चालायचं, या वेळी दीड दिवसात आटोपलं. शेलापागोटे, म्हणजे एकमेकांना नाव घेऊन काढायचे गमतीचे चिमटे, रद्द झाले, मुलांची गाणी चौदावरून सहावर आली. उद्घाटनाला मात्र मोठा मंडप होता, पाहुणे होते, आणि व्यासपीठावर व पुढच्या रांगांत सगळीकडे भगवे-गुलाबी फेटे होते. लोकनृत्याच्या संघातली बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, कवठेमहांकाळ बाजूची, मंडपाच्या मागच्या टोकाला उभी होती. तिने शेजारणीला सहज विचारलं, "ह्ये फेट्याचं पैसं कुणी दिलं असंल गं?"

आठवडाभराने प्राचार्यांच्या टेबलावर तिचा अर्ज आला. वहीच्या कागदावर पाच ओळी आणि सोबत फीच्या पावतीची झेरॉक्स, स्नेहसंमेलनाच्या शीर्षाखाली पेनने रेघ मारलेली. मागणी एकच होती. या शीर्षाखाली जमलेल्या पैशाचा हिशेब विद्यार्थ्यांना दाखवावा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, पंधरा दिवसांत उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करीन.

समोरचे पर्याय

प्राचार्यांनी मला, सांस्कृतिक विभागाच्या मॅडमना आणि ओ.एस. साहेबांना, म्हणजे कार्यालय अधीक्षकांना, बोलावलं. ती चर्चा जवळपास तासभर चालली. कॉलेजच्या कारभारावर मी ऐकलेली सर्वांत मोकळी चर्चा तीच, आणि तिथे विद्यार्थी एकही नव्हता.

ओ.एस. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. ऑडिट होतंच, एका ओळीत उत्तर द्या. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं. पण ऑडिटर बघतो ते बिल आणि व्हाउचर जुळतं का. फेटे 46 हवेत की 6, हा त्याचा प्रश्न नसतो. मुलीचा प्रश्न नेमका तोच होता.

दुसरा विचार होता, माहिती अधिकाराचा अर्ज येऊ दे, मग बघू. हेही सोपं वाटत होतं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज येईल, 30 दिवसांत उत्तर द्यायचं, पानाला 2 रुपये घ्यायचे. पण अनुदानित कॉलेज म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण, आणि 2005 च्या त्या कायद्याचं कलम 4 सांगतं की बरीचशी माहिती कुणी मागायच्या आतच स्वतःहून जाहीर करायची. म्हणजे अर्जाची वाट बघत बसणं हीच आधी कायद्यातली कसूर. हे मी बोललो तेव्हा प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची भीती वेगळी होती आणि ती पोकळ नव्हती. एकदा अर्ज बाहेर गेला की संघटना येतात, गेटवर घोषणा होतात, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती त्याच वर्षी यायची होती.

माझ्या मनात तिसराच बेत होता. आपल्यापुरती थेट निवडणूक घेऊ, निवडून आलेलं मंडळ हिशेब मागेल. आता मागे वळून पाहिलं की जाणवतं, हा पर्याय मला आवडला कारण त्यात मला स्वतःला काही करावं लागणार नव्हतं. शिवाय राज्यभर निवडणुका थांबलेल्या असताना एका कॉलेजने स्वतःच्या मर्जीने घेतल्या तर त्याला आधार कुठला? आणि निवडणूक झाली की हिशेब आपोआप उघडा होतो, हेही खरं नाही. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी, ज्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या, त्यांत उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे. निकालानंतर दोन आठवड्यांत त्याने हिशेब द्यायचा आणि कॉलेजने तो दोन दिवसांत सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करायचा. पाच हजारांसाठी एवढी दक्षता! निवडून आल्यावर मंडळाच्या नावाने जे 84,000 खर्च होतात, ते फळ्यावर लावायची आठवण मात्र कुणालाच नाही.

शेवटी ठरलं ते असं की हिशेब सूचना फलकावर लावायचा आणि मुलीला तसं लेखी कळवायचं. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी संमती असा लावला.

पहिलं पाऊल आणि त्याचा बोजवारा

ऑफिसने ऑडिटच्या नमुन्यातलाच तक्ता छापला आणि लावला. आकडे असे होते. मंडप आणि साउंड 31,000. सत्कार साहित्य 14,200. पाहुण्यांचा प्रवास आणि भोजन 9,600. बक्षिसं 8,500. छपाई आणि बॅनर 7,400. किरकोळ 5,800. एकूण 76,500, शिल्लक 7,500. खाली समितीप्रमुख म्हणून मॅडमची सही.

दुपारपर्यंत त्याचा फोटो प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. संध्याकाळी 'सत्कार साहित्य' या शब्दाभोवती लाल वर्तुळ पडलं आणि रात्री मॅडमच्या फोटोवर कुणीतरी फेटा चढवला. आम्हाला वाटलं होतं की आकडे लावले की विश्वास वाढेल. संशय वाढला. कारण तक्त्यात रक्कम होती, कारण नव्हतं. 14,200 कशाचे, कुणी ठरवलं, कधी ठरवलं, याचं उत्तर त्या कागदात कुठेच नव्हतं. तो कागद म्हणजे जेवण झाल्यावर हातात ठेवलेलं हॉटेलचं बिल होता. पदार्थ कुणी मागवले ते विचारायची सोय नव्हती.

शिल्लक 7,500 चा आकडा तर आणखीनच झोंबला. लोकनृत्याच्या मुलींनी सप्टेंबरात खिशातून 4,200 काढले तेव्हा जुलैमध्ये भरलेले 84,000 कॉलेजच्या खात्यात पडून होते. यावर ओ.एस. साहेबांचं उत्तर तयार होतं. शीर्ष वेगळं. स्नेहसंमेलनाचा पैसा युवा महोत्सवाला वळवता येत नाही. नियमाने ते बरोबर होतं. पण शीर्षाचं नाव कुणी ठेवलं, ते बदलता येतं का, हे आम्ही तोवर कधी विचारलंच नव्हतं.

मंडळाच्या सह्या

याच दिवसांत आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

मी मंडळातल्या मुलांना बोलावून विचारलं, फेट्यांचं तुम्हाला माहीत होतं का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग इतिवृत्ताची वही उघडली. डिसेंबरच्या सभेत ठराव क्रमांक चार होता, 'स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा तपशील सर्वानुमते मंजूर'. खाली तेरा विद्यार्थी सदस्यांच्या सह्या. सचिव म्हणाला, "सर, सभा झाली तेव्हा वर काही लिहिलेलं नव्हतं. हजेरी म्हणून सही केली आम्ही." हजेरीच्या पानावर सह्या आधी झाल्या आणि ठराव मागून चढले होते. आमच्याकडे तसंच चालायचं. मुलांना गाडी गाठायची असते, लिहीत बसायला वेळ नसतो, म्हणून सह्या घेऊन सोडायचं आणि रात्री घरी बसून इतिवृत्त पूर्ण करायचं. रात्री घरी बसून ते पूर्ण करणारा मीच होतो. नॅकला मंडळाच्या सभांची नोंद दाखवावी लागते, तेवढ्यापुरती ती वही होती.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं. 46 फेट्यांतले 11 पाहुण्यांचे आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे, 22 प्राध्यापकांचे आणि उरलेले 13 मंडळातल्या विद्यार्थ्यांचे. फोटोत सगळे ऐटीत उभे आहेत. एक सी.आर. पुटपुटली, "आम्हाला वाटलं संस्थेनं दिलेत." आपल्याच वर्गाच्या पैशातला फेटा आपण डोक्यावर बांधला आणि खर्चावर सहीही केली, हे तिला दोन महिन्यांनी कळलं.

अर्ज करणाऱ्या मुलीला वाटत होतं की मंडळाला सगळं ठाऊक आहे आणि ते दडवतंय. मंडळाला ठाऊकच काही नव्हतं.

दुसरं पाऊल, रिकामा हॉल

फेब्रुवारीत खुली सभा ठेवली. वेळ साडेतीन, कारण तेव्हा तास संपतात आणि हॉल मोकळा असतो. सूचना फिरवली, ग्रुपवर टाकली. मी दारात उभा राहून डोकी मोजली, 37. त्यातली 30 तरी शहरातली नाहीतर हॉस्टेलची. अर्ज करणारी मुलगी चार वाजता उठली, बॅग उचलली आणि माझ्याकडे बघून घड्याळाकडे बोट दाखवलं. सभा तिच्या अर्जावर होती आणि ती निघून गेली होती. उरलेल्यांनी गॅदरिंगला डीजे का नव्हता यावर बराच वेळ वाद घातला.

स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य ऐकू आलं. मुलांनाच काही पडलेलं नाही. मीही मान हलवली. घरी जाताना बसस्टँडवरून गेलो, तर फलाटावर आमचीच शे-दीडशे मुलं उभी होती आणि त्यांच्यात फेट्यांचीच चर्चा चालली होती, हॉलपेक्षा जास्त नेमकी. कुणाला भाडं किती पडतं ते माहीत होतं, कुणाचा मामा मंडपवाला होता.

तिसरं पाऊल, वर्गातली वीस मिनिटं

सभेला मुलांनी यायचं, ही अट आम्ही काढून टाकली. मार्चमध्ये प्रत्येक वर्गात 11:20 च्या तासातली वीस मिनिटं मागून घेतली. काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली, सिलॅबस पुरा व्हायचा होता. प्राचार्यांनी मात्र लेखी आदेश काढला, त्याचं श्रेय त्यांना आहे.

वर्गात न्यायचा कागद तयार केला तो ऑफिसात काम करणाऱ्या कमवा आणि शिका योजनेतल्या मुलाने. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ही पद्धत आपल्या भागात बहुतेक कॉलेजांत असते. फाइल लावणं, झाडांना पाणी, ग्रंथालयात पुस्तकं जागेवर ठेवणं, अशी कामं मुलांकडे असतात. हा मुलगा वर्षभर व्हाउचर डकवत होता. सगळ्या कॉलेजात हा हिशेब कळणारा विद्यार्थी एकच होता आणि तो मंडळात नव्हता, कारण त्याचा वर्गात नंबर बारावा. त्याने ऑडिटची भाषा बाजूला ठेवून मराठीत अर्ध्या पानाचा तक्ता केला. डावीकडे गेल्या वर्षी काय झालं, मधे यंदा काय सुचवलंय, उजवीकडे कोरी जागा. 'सत्कार साहित्य' ऐवजी त्याने लिहिलं: फेटे, शाली, नारळ, हार.

खाली तीन प्रश्न होते. कुठला खर्च कमी करावा? कुठला वाढवावा? कार्यक्रम किती वाजता संपावा? तिसरा प्रश्न मी शेवटच्या क्षणी, ओळ रिकामी दिसली म्हणून घातला होता. कागद परत आले तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांना निम्म्या मुलांनी काही ना काही लिहिलं होतं. तिसऱ्याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक कागदावर होतं, आणि बहुतेकांनी चारच्या आतली वेळ लिहिली होती. एका मुलाने लिहिलं होतं, 'तीन वर्षं 60 रुपये भरतोय, गॅदरिंगचा शेवट एकदाही बघितला नाही.'

त्याच तासात प्रत्येक वर्गातून सी.आर.ला एक जोडीदार निवडला. त्याची निवड गुणांवर नव्हती, मतदानानेही नव्हती, चिठ्ठी टाकून केली. अट एकच होती, तो रोज बाहेरगावाहून येणारा हवा. यामागे मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. मतदान म्हटलं असतं तर प्राचार्य दचकले असते आणि गुण म्हटलं असतं तर तीच मुलं आली असती. चिठ्ठीला कुणी हरकत घेतली नाही.

उरला शीर्षाचा प्रश्न. 2016 च्या कायद्यातल्या कलम 97 प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. अंदाजपत्रक तिच्यापुढे जातं आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. आमच्या मंडळाच्या सचिवालाही बोलावणं जायचं. तो यायचा, चहा घ्यायचा, सही करायचा. या वेळी तो वर्गांतून आलेला कागदांचा गठ्ठा घेऊन गेला. विषय बारा मिनिटांत आटोपला. पुढच्या वर्षापासून शीर्षाचं नाव 'स्नेहसंमेलन व सांस्कृतिक उपक्रम' झालं. ज्या कारणावरून मुलींना 4,200 रुपये खिशातून घालावे लागले, ते कारण तीन जादा शब्दांनी मिटलं.

निष्पत्ती

दुसऱ्या वर्षी जुलैमध्येच पोशाखासाठी 6,000 बाजूला काढले. फेटे फक्त पाच पाहुण्यांना. मंडप निम्मा केला आणि वाचलेले पैसे बक्षिसांत घातले. शेलापागोटे परत आले, त्यांतला पहिला माझ्यावरच होता.

गॅदरिंग सकाळी साडेदहाला सुरू करून अडीचला संपवायचं ठरलं होतं. पाहुणे बाराला आले. शेवटचं गाणं चारला दहा कमी असताना संपलं आणि मुलं मंडपातून थेट स्टँडकडे पळाली. तरी मागच्या वर्षी ओस पडलेली मागची बाजू या वेळी शेवटपर्यंत भरलेली होती.

दर महिन्याला फलकावर एक पान लावायचं ठरलं. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, कुठलं बिल थकलंय. सही एका विद्यार्थ्याची आणि एका शिक्षकाची. सुरुवातीचे महिने ते नेमाने लागलं. मग कमवा आणि शिकावाला मुलगा शेवटच्या वर्षाच्या अभ्यासाला लागला, ऑफिसातले लिपिक बदलले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं लागलीच नाहीत. कुणी तक्रार केली नाही. सगळं सुरळीत चालल्याचं हे लक्षण असेल किंवा सवय सुटल्याचं. मला दुसरंच जास्त खरं वाटतं.

चिठ्ठीने आलेल्या जोडीदारांपैकी जवळपास निम्मे दोन-तीन सभांनंतर यायचे थांबले. एका मुलीच्या घरून निरोप आला की तिचा फोटो कुठे छापायचा नाही आणि तिला सभेला बोलवायचं नाही. जे टिकले त्यांनी मात्र सी.आर. मुलांनी कधी विचारले नसते असे प्रश्न विचारले. बक्षिसाची ढाल 450 ला का, हा त्यातला एक. मिरजेत ती 280 ला मिळते हे त्या मुलाला माहीत होतं, कारण त्याच्या तालमीने आणली होती.

इतिवृत्त आता सभेतच लिहिलं जातं, सचिव ते मोठ्याने वाचतो आणि मग सह्या होतात. सभा 12:10 ला, जेवणाच्या सुट्टीला लागून. प्राचार्यांची तक्रार एवढीच की वेळ लागतो.

पुन्हा करायचं झालं तर

हिशेब फलकावर लावण्याआधी पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक वर्गात न्यायला हवं होतं. आम्ही क्रम उलटा धरला. झालेल्या खर्चावर मुलं फक्त चिडू शकतात, होणाऱ्या खर्चात काहीतरी बदलू शकतात. फेब्रुवारीतला सगळा मनस्ताप या एका उलट्या क्रमाचा होता.

जोडीदाराला पहिल्या सभेआधी तासभर बसवून व्हाउचर म्हणजे काय, उचल म्हणजे काय, हे शिकवायला हवं होतं. कोरी चिठ्ठी हातात देऊन आणलेल्या मुलाने टिकावं अशी अपेक्षा करणं चूक होतं. जे टिकले त्यांतले बहुतेक तालीम, गणेश मंडळ नाहीतर बचत गटाच्या घरातले होते. त्यांना वर्गणीचा हिशेब आधीपासून कळत होता. महिन्याचं पानही कुणा एका हुशार मुलाच्या भरवशावर न ठेवता ऑफिसच्या कामाच्या यादीत घालायला हवं होतं.

अर्ज करणाऱ्या मुलीला मी एकदाही बोलावून विचारलं नाही की तुला नेमकं काय हवंय. तिला लेखी उत्तर गेलं, जावक क्रमांकासह. वर्षभराने ती पदवी घेऊन गेली तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "सर, मला फेट्याचा राग नव्हता. नाचायला जाताना मॅडमनी सांगितलं पैसं न्हाईत, आणि पैसं तर होतं." म्हणजे तिचा प्रश्न हिशेबाचा कमी आणि सप्टेंबरातल्या त्या एका उत्तराचा जास्त होता. आणि ते उत्तर मॅडमनी स्वतःच्या मनाने दिलं नव्हतं. ऑफिसने त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मुलींना सांगितलं.

फलकावरच्या कागदावर सही एकट्या मॅडमची होती. 46 फेट्यांचा निर्णय समितीचा होता, समितीत मी होतो, आणि एक फेटा माझ्याही डोक्यावर होता. कागद लावण्याआधी मी त्यांना भेटलो नाही. तो फेटा चढवलेला फोटो फिरल्यावरही ग्रुपवर काही लिहिलं नाही, वातावरण आणखी तापेल म्हणून. त्यानंतर त्यांनी सांस्कृतिक विभागाचं काम घेतलं नाही. गेल्या मेमध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ घेतलं, फेटा नको म्हणाल्या.